रांगेतला खांब

माझ्या धाकट्या भावाला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, तेव्हा त्याबद्दलची तक्रार दुसऱ्या कोणाकडे नेऊ नका. लहानपणी आई त्याला जेवायला बसवायची, तर एक घास खोलीच्या या कोपऱ्यात आणि दुसरा त्या कोपऱ्यात. मेल्याच्या पायाला भिंगरी लावलीये, असं आई म्हणायची. मी मागचं पुढचं गाळून टाकलं. आता चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पिकले, एका पोरीचा बाप झाला, पण बूड काही टेकत नाही. माझ्या शिवणाच्या खोलीत येतो, मशीनचं चाक फिरवून बघतो, कात्रीची धार बघतो, खिडकीची कडी घट्ट करतो आणि "चल ताई, येतो" म्हणून चालता होतो. कशाला आला होता ते त्याला आठवत नाही, आणि मलाही विचारायचं भान राहत नाही.

नोकऱ्यांचंही तेच. लिफ्ट दुरुस्तीला होता, छापखान्यात होता, घरोघर पाण्याचे फिल्टर बसवत होता. कुठूनही हाकललं नाही हो त्याला, काम अगदी चोख. पण काम शिकून झालं की त्याला तिथे करमत नाही. मधे एकदा गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून लागला. मी म्हटलं, चला, आता तरी बसेल. चौथ्या का पाचव्या दिवशी गोदाम उघडं टाकून शेजारच्यांची बंद पडलेली मोटर बघायला गेला. मोटर चालू झाली, नोकरी बंद झाली.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याच्या अगदी उलट. ती एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायचं काम करते. एका खुर्चीवर दिवसभर बसते, पण हात इतका हलका की लहान मुलंसुद्धा रडत नाहीत. बोलणं मोजकं. तिचा राग कधी आवाजात दिसत नाही. ती फक्त माणसाच्या हातातलं काम काढून घेते, आणि तो मार फार लागतो. हे मी अनुभवाने सांगते, कारण एकदा मी तिच्या परकराचं माप चुकवलं, तर वर्षभर तिने कपडे दुसरीकडे शिवून घेतले आणि माझ्याशी गोडच बोलत राहिली.

त्यांना एकच मुलगी, आमची ठकी. तिचा डावा डोळा आत वळतो. सुरुवातीला आम्ही सगळे म्हणायचो, मोठी होईल तसा सुटेल. डॉक्टर म्हणाले, सुटणार नाही. उलट मोठी झाली की मेंदू त्या डोळ्याकडून काम घेणंच बंद करेल, मग शस्त्रक्रिया करून डोळा नुसता सरळ दिसेल, त्याने बघता येणार नाही. सरकारी डोळ्यांच्या दवाखान्यात मुलांचे एक मोठे डॉक्टर बाहेरून येतात. ते वर्षात फार थोड्या वेळा येतात, आणि त्यांचे नंबर खिडकीवर, रांगेत उभं राहून घ्यावे लागतात. तारीख आदल्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर लागते. नंबर संपले की खिडकी बंद.

मागच्या खेपेला वहिनीला सुटी मिळेना, म्हणून भिंगरीला पाठवलं. पहाटे गेला, चांगला पुढे उभा राहिला. उन्हं वर आली तेव्हा समोरच्या इमारतीवर क्रेनने पाण्याची अख्खी टाकी चढवायला सुरुवात झाली. झालं. "आत्ता आलो, माझी जागा धरा," असं मागच्याला सांगून हा गेला टाकी बघायला. बघता बघता क्रेनवाल्याला दोर कसा बांधावा ते सांगू लागला. परत आला तेव्हा जागा धरणारा माणूस नंबर घेऊन घरी गेला होता आणि खिडकीला पडदा लागला होता.

वहिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, आम्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून दूध ती आणू लागली, विजेचं बिल ती भरू लागली, ठकीला शाळेतून आणायला शेजारीण जाऊ लागली. घरात याच्यासाठी एकही काम उरलं नाही. माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, मी त्या घरात पाहुणा झालोय." मी म्हटलं, "पाहुण्याला निदान कोणी विचारतं तरी." तोंडाने असं बोलले खरी, पण आतून मला त्याचं फार वाईट वाटलं.

मग एके दिवशी तो मला ओढत एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत घेऊन गेला. तिथे एक नवीन कंपनी निघाली होती आणि कामाला ठेवताना ओळखीचं एक माणूस जामीन म्हणून लागत होतं. कंपनीचं नाव ‘मी थांबतो’. मालकीण म्हणजे एक तरतरीत मुलगी, वय असेल जेमतेम पंचविशीचं. तिने सांगितलं की तिच्या आईने एकदा फ्रिज दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत सबंध दिवस घालवला आणि तो आलाच नाही, तेव्हा तिला ही कल्पना सुचली. लोकांकडे आता सगळं आहे, थांबायला वेळ नाही. तेव्हा थांबण्यासाठी माणूस मागवायचा, फोनवरून. परवान्याच्या रांगेत, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत, दवाखान्यात, नाहीतर नळदुरुस्तीवाला येणार म्हणून कोणाच्या तरी घराच्या पायरीवर. ती मुलगी उत्साहाने बोलत होती आणि आमचा हिरा त्यांच्या ऑफिसातल्या चाकं लावलेल्या खुर्चीवर बसून खोलीभर फिरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने त्याला घेतला. दुसरं कोणी आलंच नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

काम असं. फोनमधल्या नकाशावर रांगेच्या जागेभोवती एक वर्तुळ येतं आणि थांबणाऱ्याचा ठिपका त्यात दिसतो. ज्याने माणूस मागवला त्यालाही तो ठिपका त्याच्या फोनवर दिसत राहतो. ठिपका वर्तुळाबाहेर गेला की फोन कोकलतो, इकडचाही आणि तिकडचाही. जाऊन यायचं असेल तर आधी परवानगी मागायची. आणि लोकांनी थांबणाऱ्याला थेट गाठून कंपनीला बाजूला काढू नये म्हणून खरं नाव, खरा नंबर काहीच कळत नाही. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं. भिंगरीने काय घ्यावं? खांब. मी इतकी हसले की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

पण नवल बघा, त्याला ते जमलं. त्या वर्तुळाने त्याला जे केलं ते आईच्या धपाट्यांनी केलं नव्हतं. पाय हलत राहायचे, हात चालू राहायचे, पण माणूस जागेवर. रांगेत पुढच्याच्या चष्म्याचा स्क्रू पिळून दे, मागच्या बाईच्या पिशवीचा बंद शिव, कोणाच्या बाळाला खेळव. लोक त्याच्या आजूबाजूला उभं राहायला बघू लागले. कंपनीच्या यादीत खांब या नावापुढे लिहून येऊ लागलं, जागा कधीही सोडलेली नाही. तो मला ते रोज दाखवायचा. मी म्हणायची, "कळलं रे, कालही दाखवलंस."

वहिनीला मात्र त्याने काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं तो सामान पोचवण्याचं काम करतो. मी म्हटलं, सांग की, चोरी करतोस का? तर म्हणाला, "काय सांगू? स्वतःच्या पोरीसाठी उभं राहता आलं नाही, आता लोकांच्या पोरांसाठी उभा राहतो, हे सांगू?" त्याच्या मनात एकच होतं. डॉक्टरांची पुढची तारीख लागली की कोणाला न सांगता जायचं, ठकीचा नंबर घ्यायचा, वहिनीच्या हातात ठेवायचा आणि मग सगळं सांगायचं.

तारीख लागली. त्या संध्याकाळी मी ब्लाउजला अस्तर लावत होते, तेवढ्यात हा धापा टाकत आला. चेहरा उतरलेला. एका गिऱ्हाइकाने आठवड्याभरापूर्वी खांबाला धरून ठेवलं होतं, दवाखान्याची रांग, तारीख निघेल तेव्हा. कोणता दवाखाना ते कंपनी आधी सांगत नाही. आता सांगितलं होतं. तोच दवाखाना, तेच डॉक्टर, तीच खिडकी. आणि एका माणसाला एकच नंबर मिळतो.

"मग त्यांना नाही म्हणून सांग," मी म्हटलं.

"शब्द दिलाय ताई. त्यांनी दुसरा माणूस बघितलेला नाही. आत्ता कोण मिळणार त्यांना?"

"आणि तुझी पोर?"

"ठकीसाठी तू उभी राहा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. माझे गुडघे कसे आहेत ते याला माहीत नाही का? पण तो उभ्या उभ्या इतका तळमळत होता, एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे, की मी जास्त ताणलं नाही. ही शेवटची संधी आहे असं डॉक्टरांनी वहिनीला स्वच्छ सांगितलं होतं. यानंतर करून फारसा उपयोग नाही. रात्रभर मला झोप लागली नाही, नुसती कूस बदलत होते.

पहाटे मी पोचले तेव्हा रांग दवाखान्याच्या आवाराला वळसा घालून गेली होती. भिंगरी आधीच येऊन पुढे, आतल्या बोळात उभा होता, अंगात कंपनीचं निळं जॅकेट. तशी जॅकेटं घातलेले आणखीही काही होते. मी वळणाच्या पलीकडे, सायकली लावतात तिथे. पहारेकरी काठी टेकत आला आणि सांगून गेला की वळणाच्या पुढच्यांनाच नंबर मिळतील, बाकीच्यांनी आपल्या जबाबदारीवर उभं राहावं. म्हणजे माझ्या उभं राहण्याला काडीचाही अर्थ नव्हता. माझ्या मागच्या बाईला मी माझी पिशवी धरायला दिली आणि तरातरा पुढे गेले.

"ऐक," मी त्याच्या कानाशी म्हटलं, "माझ्यापर्यंत काही येत नाही. तू ठकीचं नाव दे."

तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "तसं कसं?"

"तसंच. त्या लोकांना सांग, नंबर संपले. कोण बघायला येतंय?"

"त्यांचंही पोरच असणार ना ताई. मुलांचे डॉक्टर आहेत."

"असू दे. तू त्याचा बाप नाहीस."

मी त्याला पाळण्यापासून ओळखते. त्याने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा हातातल्या फोनकडे, आणि मला कळलं की त्याचं मन डळमळलंय. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? भाचीचा डोळा होता तो. दुसऱ्याच्या पोराचं मला तेव्हा काही देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीचा पडदा सरकला. खिडकी उघडली की गिऱ्हाईक पेशंटचं नाव पाठवतं, तोपर्यंत नाही, म्हणजे मधल्या मधे जागा विकली जात नाही. फोन थरथरला. भिंगरीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर आमच्या ठकीचं नाव होतं, आडनावासकट, आणि खाली लिहिलं होतं, डावा डोळा.

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. वहिनीने माणूस मागवला होता. नवऱ्याला सांगायचं टाळून, फोनमधून, अनोळखी माणूस. आणि यादीत सगळ्यांत भरवशाचा कोण, ते बघून बोट ठेवलं होतं.

मी हसणारच होते. देवाशपथ सांगते, मला वाटलं आता हाही हसेल, आपण दोघंही हसू, जीव भांड्यात पडला म्हणू. पण त्याचा चेहरा बघितला आणि माझं हसू तिथेच राहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"तिने पैसे देऊन माणूस लावला," तो म्हणाला. "मी घरात असताना."

"अरे, पण तो माणूस तूच—"

"तिला काय माहीत? तिच्या लेखी मी नाहीच." त्याने जॅकेटची चेन खाली ओढली. "तू उभी राहा इथे. तिला खांब पाहिजे होता ना, मिळाला असता. मी चाललो."

"मला इथे कोण उभं राहू देईल? मी अशी मधेच घुसू? गप उभा राहा."

ऐकतोय कोण? त्याने रांग सोडली. बोळातून बाहेर, पाणी प्यायच्या नळापर्यंत गेला, आणखी दोन पावलं टाकली, आणि फोन कोकलायला लागला. सगळा बोळ वळून बघू लागला. त्याच्या मागचा म्हातारा हळूच पुढे सरकला. मी हात आडवा धरला आणि त्याला म्हटलं, "आजोबा, मी इथे मेले तरी ही जागा सोडायची नाही, उगाच प्रयत्न करू नका." म्हातारा चांगला होता, मागे सरला.

नळाजवळ भिंगरी फोनकडे बघत उभा होता. काय वाचलं कोण जाणे, पण तो परत आला. आला आणि फोन माझ्या हातात दिला. वहिनीने लिहिलं होतं, दादा काय झालं? कुठे चाललात? हात जोडते, जाऊ नका.

मागच्या वेळी ती असं कोणाला म्हणाली नसेल. तेव्हा तिच्याकडे ठिपका नव्हता. मला एकदम ती तिच्या त्या खुर्चीवर दिसली, एका हाताने कोणाचा तरी दंड बांधतेय आणि नजर बाजूला ठेवलेल्या फोनवर.

भिंगरीने फोन परत घेतला आणि टाइप केलं, आलो जागेवर. लगेच उत्तर आलं, खूप उपकार झाले, सारखं विचारते म्हणून राग मानू नका, माझी सुटी मंजूर झाली नाही. त्याने बराच वेळ अंगठा नुसता काचेवर फिरवला. मग लिहिलं, मुलीचे वडील नाहीत का?

"अरे मेल्या," मी म्हटलं, "नसते प्रश्न कशाला विचारतोस?" पण गेलं होतं ते.

उत्तर लवकर येईना. रांग दोन माणसं पुढे सरकली, आम्हीही सरकलो. त्याचे पाय असे चालले होते की खालची फरशी झिजावी. मग आलं. आधी एकच शब्द, आहेत. नंतर बाकीचं सगळं. ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि अजून जसंच्या तसं लक्षात आहे. चांगले आहेत, मुलगी त्यांच्यावर जीव टाकते. गेल्या वेळी त्यांच्या हातून चुकलं, तेव्हापासून रात्र रात्र घरात फेऱ्या मारतात. मी झोपल्याचं सोंग घेते. परत चुकलं तर मुलीचं नुकसान होईलच, पण ते स्वतः त्यातून उठायचे नाहीत. मला ते बघवणार नाही. म्हणून त्यांना सांगितलंच नाही. तुम्ही कधी जागा सोडत नाही असं लिहिलं होतं, म्हणून तुम्हाला निवडलं.

त्याने फोन खिशात ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला. बाहीने तोंड पुसलं. मी म्हटलं, "फोन कर तिला, सांग मी आहे." तो म्हणाला, "आत्ता सांगितलं तर काम टाकून धावत येईल. तिला वाटेल गेलं, आता हेही गेलं." खरं होतं ते. मला रडूही येत होतं आणि त्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं. दोघंही एकमेकांना सांभाळायला जाऊन एकमेकांपासून लपत होते, आणि मधे माझे गुडघे गेले.

खिडकी चार-पाच माणसांवर आली तेव्हा पुढे गलका झाला. खिडकीतल्या बाईंनी काचेवर आतून एक कागद चिकटवला. नंबर फक्त रुग्णाच्या आईला किंवा वडिलांना मिळेल. रांगा विकल्या जातात अशी लोकांनी तक्रार केली होती म्हणे, आणि चूक नव्हती त्यांची. पहारेकरी काठी आपटत आला. "जॅकेटवाले बाहेर या. चला, निळी जॅकेटं बाहेर." पुढचे दोघे कुरकुरत बाहेर पडले, फोन कानाला लावून आपापल्या गिऱ्हाइकांना सांगू लागले. मी आत्या, म्हणजे मीही बाद.

पहारेकऱ्याने भिंगरीच्या खांद्याला हात लावला.

"मी बाहेर येणार नाही," भिंगरी म्हणाला. "मी बाप आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "आता सगळेच बाप होणार." लोक हसले. मी वळून त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. पण पहारेकऱ्यालाही ते पटलं नव्हतं. सकाळपासून हा माणूस कंपनीचं जॅकेट घालून उभा आहे, मघाशी फोन कोकलला तो सगळ्यांनी ऐकला, आणि आता म्हणतो बाप आहे. मी पुढे होऊन म्हटलं, "मी सख्खी बहीण आहे त्याची, मी सांगते ना." पहारेकरी म्हणाला, "बाई, तुम्हाला कोण ओळखतं?" तेही बरोबरच होतं. शेवटी म्हणाला, खिडकीवर काय ते बघा.

खिडकीवर पोचलो. आतल्या बाईंचा आवाज थकलेला होता, पण त्या वाईट नव्हत्या. भिंगरीने ठकीचं नाव सांगितलं. बाईंनी जुना केसपेपर शोधून काढला.

"आपण कोण?"

"वडील."

बाईंनी जॅकेटवरचं कंपनीचं नाव वाचलं. "मग हे काय?"

"माझं काम आहे ते."

"ओळखपत्र?"

त्याने खिसे चाचपले. सगळे खिसे, दोनदोनदा. स्क्रू निघाले, एक पक्कड निघाली, दोऱ्याचं रीळ निघालं, माझंच. पाकीट घरी राहिलं होतं. मी कपाळावर हात मारला.

बाईंनी उसासा टाकला. "कागदावर आईचा नंबर आहे. त्यांना विचारते." त्यांनी टेबलावरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि हात मोकळे राहावेत म्हणून आवाज मोठा केला. आम्हाला ऐकू येत होतं, आमच्या मागच्या निम्म्या रांगेलाही येत होतं.

वहिनीने लगेच उचलला. बाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या नंबरसाठी इथे एक गृहस्थ आलेत. आपण वडील असल्याचं सांगतायत."

"वडील?" वहिनीचा आवाज एकदम चढला. तो चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "नाही हो, ते कसे तिथे येतील? त्यांना ठाऊकच नाही. मी एक माणूस लावलाय तिथे. प्लीज, त्यांना म्हणावं तुम्ही मधे पडू नका, त्या माणसाला उभं राहू दे."

खिडकीतल्या बाईंनी भिंगरीकडे बघितलं. त्यांचा हात केसपेपर मिटायला गेला. मागे कोणीतरी च्च केलं. मी खिडकीच्या कठड्याला धरलं.

भिंगरी काचेच्या भोकाशी वाकला. आवाज इतका बारीक की माझाच भाऊ मला ओळखू येईना.

"अगं, तो माणूस मीच आहे."

पलीकडून तपासणी केंद्रातला आवाज येत होता, कोणीतरी कोणाकडे तरी पुढची बाटली मागत होतं.

"सकाळपासून?" वहिनीने विचारलं.

"हो."

"मघाशी जे वर्तुळाबाहेर गेले ते?"

"मीच. परत आलो ना."

"म्हणजे मी जे लिहिलं ते सगळं तुम्ही वाचलंत?"

"वाचलं," तो म्हणाला. "ठकीचा नंबर लागू दे, मग काय बोलायचं ते बोल मला."

ती रडत होती का, ते फोनवरून कळलं नाही. खिडकीतल्या बाईंनी मागच्या रांगेकडे बघितलं आणि त्या मधे बोलल्या, पण हळू बोलल्या. "बाई, मला एवढंच सांगा. हे मुलीचे वडील आहेत की नाहीत?"

वहिनीने घसा साफ केला. "हो," ती म्हणाली. "वडीलच आहेत ते तिचे. त्यांच्याकडेच द्या."

बाईंनी शिक्का मारला आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर सरकवली. भिंगरी अजून काचेच्या भोकाशीच वाकलेला होता, दोन्ही हात कठड्यावर, चिठ्ठीकडे त्याचं लक्षच नव्हतं. मागच्या म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मीच हात घातला, चिठ्ठी उचलली आणि त्याच्या मुठीत दिली.